फोनमधल्या फुकट व्हॉइस रेकॉर्डरचा रिव्ह्यू, एकट्यानेच जर्मन बडबडणाऱ्यांसाठी

लोक एअर फ्रायरचे, गाद्यांचे, ऑनलाइन क्लासेसचे, सगळ्याचे रिव्ह्यू टाकतात, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीपासूनच असलेलं ते व्हॉइस रेकॉर्डर नावाचं अ‍ॅप, ज्याचं लाल बटण आपण वर्षातून एकदा चुकून दाबतो, त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिलेल्या मला तरी दिसल्या नाहीत. म्हणून मीच लिहिते. किंमत शून्य, जाहिराती नाहीत, सबस्क्रिप्शन नाही, इंटरनेट लागत नाही. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. आणि आधीच सांगते, गाण्याचा रियाज रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी किंवा मीटिंगवाल्यांसाठी हे नाहीये. दुसरी भाषा शिकताना घरात एकटंच मोठ्याने स्वतःशी बोलणारे, किंवा बोलावंसं वाटतं पण लाज वाटते असे जे लोक आहेत त्यांच्यासाठी आहे.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीच्या डॉक्युमेंटेशनला आहे. जर्मनीतली मंडळी मेल इंग्लिशमध्ये करतात पण कॉलवर मध्येच आपसात जर्मन सुरू झालं की आपण इकडे म्यूट होऊन बसायचं, त्यामुळे जर्मन. भाषेच्या पायऱ्या असतात, ए1 सगळ्यात खालची, मग ए2, बी1, बी2 अशा वर; ए1 झालं, ए2 झालं, बी1 ला आल्यावर गाडी अडली. वाचलं की कळतं, ऐकलं की बऱ्यापैकी कळतं, वेळ दिला तर लिहिताही येतं, पण कोणी समोरून साधं काही विचारलं की तोंडात मराठी, इंग्लिश आणि शाळेतली हिंदी तिन्ही एकदम येतात आणि जर्मन तेवढं येत नाही. बॅचमधल्या निम्म्या लोकांचं हेच रडगाणं आहे आणि त्याचं कारण काही गूढ नाहीये हो, क्लास दोन तासांचा, माणसं पंधरा, सर बोलणार, पुस्तकातले एक्झरसाइज होणार, मग एकेकाच्या वाट्याला बोलायला उरतं किती तर जेमतेम पाच मिनिटं, तीही शेजारचा गप्प बसला तर.

कॅनडात मेरिल स्वेन नावाच्या, भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी 1985 मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. तिथे इंग्लिश बोलणाऱ्या घरातली मुलं फ्रेंच इमर्शन शाळेत जातात, म्हणजे शाळेतले विषयच फ्रेंचमधून शिकतात, आणि अशी वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ऐकून त्यांना समजायला चांगलंच लागलं होतं पण बोलताना-लिहिताना व्याकरण कच्चंच. स्वेनबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की ऐकताना अंदाजाने अर्थ लावून पुढे जाता येतं, दोन-तीन शब्द पकडले तरी काम भागतं, पण बोलताना प्रत्येक शब्दाचं शेपूट आपल्यालाच लावावं लागतं आणि आपल्याला काय येत नाही हे तेव्हाच समजतं. म्हणजे बोलणं हे शिकून झाल्यावर करायचं काम नाही, शिकण्यातलंच एक काम आहे. ठीक आहे, पण बोलायचं कोणाशी?

यावर उपाय म्हणून मी एक एआयवालं बोलण्याचं अ‍ॅप घेतलं होतं, नाव सांगत नाही. महिन्याला पैसे कापायचं. त्यातला आवाज फार गोड, पण मी वाक्याच्या मध्ये विचार करायला जरा थांबले की माझं झालं असं समजून "झूपर!" म्हणायचं आणि पुढचा प्रश्न टाकायचं. अर्धं वाक्य, क्रियापदाचा पत्ता नाही, तरी झूपर. आणि प्रश्न कुठले तर सुट्टीत कुठे जायला आवडतं, छंद कुठले. अरे बाबा, मला सांगायचंय की आज टँकर आला नाही आणि कामवाल्या मावशीही आल्या नाहीत, ते कुठे सांगू? सबस्क्रिप्शन संपलं ते पुन्हा भरलं नाही.

तर रेकॉर्डर. वापरायची पद्धत म्हणाल तर संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले की फोन मिक्सरच्या मागे भिंतीला टेकवून उभा करायचा, लाल बटण दाबायचं आणि जे हाताने करतेय ते तोंडाने जर्मनमध्ये सांगत सुटायचं. समोर कागद नाही, पुस्तक नाही, आधी जुळवलेली वाक्यं नाहीत. शब्द अडला तर तेवढा मराठीत टाकायचा आणि पुढे जायचं, रेकॉर्डिंग बंद करून शोधायला जायचं नाही, ही एवढी एकच अट मी पाळते आणि ती महत्त्वाची आहे कारण एकदा डिक्शनरी उघडली की फोडणी करपते आणि बोलणंही बंद पडतं. तीन-चार मिनिटं झाली की पुरे.

एक नमुना देते, जसाच्या तसा: "इश कोखं हॉयटं... वरण... लिन्झन. उंड डान... म्हणजे... कुकर, देअर टॉप्फ... शिट्टी, शिट्टीला काय... देअर टॉप्फ माख्ट ड्राय माल श्शूऽऽ." हसा, मीही हसले. पण यात बघा, मी आज वरण शिजवतेय हे सांगताना वाक्य तुटलं नाही. कुकर म्हणजे भांडं, भांडं तीन वेळा श्शू करतं, कोणीही जर्मन माणूस ओळखेल. कुकरला श्नेलकोखटॉप्फ म्हणतात आणि शिट्टीला प्फिफ हे नंतर जेवताना शोधलं आणि तेव्हापासून विसरले नाहीये, कारण त्या शब्दाची गरज आधी पडली आणि शब्द नंतर मिळाला. पुस्तकातली माणसं कायम कॉफी मागवतात, रेल्वेची तिकिटं काढतात आणि घर भाड्याने बघतात, त्यांच्या घरी कुकरची शिट्टी होतच नाही.

याच बडबडीत मला एक भारी गोष्ट सापडली जी क्लासमध्ये कोणी सांगितली नव्हती. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, देअर, डी, दास, म्हणजे आपलं तो, ती, ते, आणि पोरं त्याच्या नावाने खडे फोडत असतात. पण ओट्यावर उभं राहून बोलताना लक्षात आलं की पाणी दास वासर, तेल दास ओल, मीठ दास झाल्त्स, पीठ दास मेल. ते पाणी, ते तेल, ते मीठ, ते पीठ! कणीक मळेपर्यंत माझं सगळं नपुंसकलिंग बरोबर येत होतं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात साखर आली आणि ती निघाली देअर त्सुकर. मग कांदा, बटाटा, टोमॅटो आपल्याकडे तिघेही पुरुष, तिकडे तिघीही डी. तेव्हा याचा नियम वगैरे करायला जाऊ नका, निव्वळ योगायोग आहे, पण पाणी-तेल-मीठ-पीठ हे चार शब्द मला आता झोपेतून उठवून विचारले तरी चुकणार नाहीत.

मायक्रोफोन लावून एकट्याची बडबड पकडायची ही कल्पना तशी जुनी आहे, आणि ज्यांनी पकडली त्यांना जे सापडलं ते फार मजेशीर आहे. रूथ वीअर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या अँथनी नावाच्या मुलाची, अडीच वर्षांच्या आसपासचा होता तो, झोपायच्या वेळची बडबड टेप केली होती, 1962 मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. खोलीत दुसरं कोणी नाही, दिवा घालवलेला, आणि हे पोर एकच वाक्य धरून त्यातली वस्तू बदलत बदलत म्हणत राहायचं, कुठल्या रंगाचं पांघरूण, कुठल्या रंगाचा ग्लास, असं. म्हणजे आपण क्लासला पैसे भरून जे वाक्यात शब्द बदलायचे एक्झरसाइज करतो ते हा पठ्ठ्या अंथरुणात फुकट करत होता.

दुसरं काम म्युरिएल सॅव्हिल-ट्रॉइक यांचं, 1988 चं, आणि ते तर थेट दुसऱ्या भाषेचं आहे. अमेरिकेतल्या शाळेत नव्याने आलेली चिनी, जपानी, कोरियन घरांतली लहान मुलं, इंग्लिश येत नाही, तर सुरुवातीला थोडे प्रयत्न करून यातली बरीचशी मुलं इंग्लिशवाल्यांशी बोलणंच बंद करतात. वरून बघणाऱ्याला वाटणार पोरगं गप्प झालं, काही शिकत नाहीये. यांनी मुलांच्या अंगावर छोटे वायरलेस माइक लावले तर त्यातली काही मुलं हळू आवाजात स्वतःशी पुटपुटत होती, दुसऱ्याचे शब्द परत म्हणून बघत होती, तुकडे जोडत होती, नंतर कोणाला तरी काय म्हणायचं त्याची आधीच तालीम करत होती. सगळीच नाही हां, काही खरोखरच गप्प होती. पण मला हे वाचून आमच्या क्लासमधल्या मागच्या बाकावरच्या, कधीच हात वर न करणाऱ्या दोन मुली आठवल्या, आता त्यांच्या ओठांकडे मी मुद्दाम बघते.

मोठ्या माणसांचंही हेच. एमी ओहता यांनी अमेरिकेत जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात एकेकाला स्वतंत्र माइक लावला, 2001 मध्ये ते सगळं छापून आलं, आणि त्यात दिसलं की शिक्षकाने प्रश्न दुसऱ्याला विचारला तरी हा इकडे तोंडातल्या तोंडात त्याचं उत्तर देऊन मोकळा होतोय, आणि मग त्या दुसऱ्याचं काय येतंय त्याच्याशी आपलं ताडून बघतोय. मी हे लगेच सुरू केलं. पंधरा जणांच्या क्लासमध्ये प्रश्न माझ्याकडे येईपर्यंत अर्धा तास जातो, तोपर्यंत चौदा उत्तरं मी मास्कमागे पुटपुटून घेते, सर्दीचा बहाणा आहेच.

आता रेकॉर्डिंग ऐकण्याबद्दल, कारण खरी किंमत तिथे वसूल होते. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. हा माझा आवाजच नाही असं वाटतं, बारीक आणि किनरा. त्याचं कारण असं की बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच पण कवटीच्या हाडांतूनही येतो आणि त्यामुळे तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा भाग गळतो. थोडे दिवस कळ काढा, सवय होते. एकदा आवाजाची चीड गेली की मग ऐकू यायला लागतं नेमकं कुठे अडतंय ते. मला वाटायचं माझी अडचण शब्दांची आहे. रेकॉर्डिंग म्हणालं, नाही बाई, शब्द येतायत, तू क्रियापदापाशी थांबतेयस. वाक्याची सुरुवात "आज" किंवा "काल" ने केली की जर्मनमध्ये लगेच दुसऱ्या जागी क्रियापद यायला लागतं, हॉयटं गेहं इश, म्हणजे "आज जाते मी", आणि मी दर वेळी हॉयटं इश म्हणून पुढे खड्ड्यात. उलट "कारण" ने सुरू होणारं वाक्य, वाइल इश म्यूडं बिन, "कारण मी दमलेय", तिथे क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच, आणि तिथे मी एकदाही अडखळत नव्हते. हे बोलताना समजत नाही, बोलताना आपण घाईत असतो. तिऱ्हाईतासारखं बसून ऐकलं की समजतं.

दुसरं ऐकू आलं ते "म्हणजे". दर दोन वाक्यांमागे एक म्हणजे, मध्ये हां, मध्ये काय ते. जर्मन वाक्याला मराठीचे टाके. यावर मी केलं इतकंच की म्हणजेच्या जागी त्यांचं "अल्झो" बसवलं, मुद्दाम, प्रत्येक वेळी, आणि त्यातून विचार करायला जी अर्धी सेकंद मिळते ती आता जर्मनमध्ये मिळते. परीक्षेत "अल्झो" म्हणून थांबलेला माणूस विचार करतोय असं वाटतं, "म्हणजे" म्हणून थांबलेला माणूस अडकलाय असं वाटतं.

आणि स्वतःच्याच आवाजात ऐकण्याचा वेगळा फायदा आहे की नाही, तर थोडा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कॉलिन मॅक्लाउड यांनी बरीच वर्षं यावर काम केलंय, मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने वाचलेले शब्द जास्त लक्षात राहतात हे त्यांनी दाखवलंय, आणि 2017 मध्ये नोआ फॉरिन यांच्याबरोबर त्यांनी चार प्रकार लावून बघितले. सगळ्यात चांगलं लक्षात राहिलं ते स्वतः मोठ्याने वाचलेलं, त्याखालोखाल स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकलेलं, मग दुसऱ्याच्या आवाजातलं, आणि सगळ्यात तळाला मनातल्या मनात वाचलेलं. आता हे प्रयोग शब्दांच्या यादीवरचे आहेत, परक्या भाषेत वाक्य जुळवण्यावरचे नाहीत, तेव्हा लगेच उड्या मारू नका. पण बसमध्ये शब्दांची यादी मनात वाचत बसण्यापेक्षा ईअरफोन लावून, डोळे मिटून कालची आपलीच बडबड ऐकावी एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

इथे कोणीतरी म्हणेलच की यात नवीन काय, आपल्याकडे पाढे, परवचा, रामरक्षा सगळं मोठ्याने म्हणूनच पाठ करायचो की. करायचो, आणि त्याने उच्चार स्वच्छ होतात, जीभ वळते, हे मलाही मान्य. पण घोकणं आणि बडबडणं यांत मोठा फरक आहे आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. घोकताना वाक्य दुसऱ्याचं असतं, तयार असतं, आपण नुसतं त्यावरून जीभ फिरवतो. बडबडताना वाक्य आपल्याला बनवायला लागतं, आणि तेही कोणी मार्क देणारं समोर नसताना, त्यामुळे अर्ध्यात सोडून परत सुरू करता येतं, एकच गोष्ट तीन प्रकारे म्हणून बघता येते. मी आमच्या बॅचमधल्या एकाला रेकॉर्डर सुचवला तर त्याने काय करावं, पुस्तकातले संवाद वाचून रेकॉर्ड केले आणि महिन्याभराने म्हणतो काही फरक नाही. कसा पडणार!

लहान मुलं खेळताना स्वतःशी बोलतात त्यावर जुना वाद आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे 1923 मध्ये म्हणाले की मुलाला अजून समोरच्याचा विचार करता येत नाही म्हणून ते असं बोलतं, मोठं झालं की ते गळून पडतं. रशियातले मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की म्हणाले की गळून पडत नाही, आत जातं, त्याचंच पुढे मनातलं बोलणं होतं, आणि काम अवघड झालं की मूल असं जास्त बोलतं. हे त्यांचं पुस्तक 1934 मध्ये ते गेल्यावर निघालं. मला विगोत्स्कींचं पटतं, कारण माझंच बघा ना, साधा चहा करताना जर्मन तोंडातून बाहेर पडत नाही, मनातच उमटून जातं, पण वॉशिंग मशीन का बंद पडलं हे सांगायची वेळ आली की आवाज चढतो, हातवारे सुरू होतात, पार भांडण चालल्यासारखं.

घरच्यांचं काय, तर सुरुवातीला सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. "अगं, कोणाशी बोलतेयस एवढं?" म्हटलं, "आई, जर्मनचा अभ्यास." त्यावर त्या म्हणाल्या, "मग समोर कोण आहे?" याला काय उत्तर देणार. आता त्यांना सवय झालीये, उलट कुकरच्या वेळी त्याच बाहेरून "ड्राय" म्हणून ओरडतात. बाहेर बोलायचं असेल तर कानात इअरबड घालून खुशाल वेताळ टेकडीवर जा, आजकाल एकटं बोलत चालणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही, सगळ्यांना वाटतं ऑफिसचा कॉल चालू आहे. कंपनीच्या बसमध्ये मात्र जमत नाही, तिथे नुसते ओठ हलवते, आणि त्यात मजा नाही कारण ओठ हलवताना वाटतं सगळं छान येतंय, आवाज काढला की गाडी घसरते.

आता अ‍ॅप म्हणून जे काही आहे ते. आवाज स्वच्छ येतो, एक्झॉस्ट फॅन चालू असला तर मात्र फोन जवळ घ्यायला लागतो. जागेची काळजी करू नका, साधारण 128 केबीपीएसला मिनिटाला एक एमबीच्या आसपास जातं, तुमच्या गुड मॉर्निंगच्या फोटोंनी याच्या कितीतरी पट जागा खाल्ली असेल. ऐकताना वेग कमी-जास्त करता येतो पण स्वतःचं बोलणं दीडपट वेगाने ऐकायचा मोह टाळा, अडखळलेलं सगळं त्यात झाकलं जातं आणि आपण फारच फ्लुएंट वाटायला लागतो. काही फोनमध्ये शांततेचे तुकडे आपोआप गाळायची सोय असते, ती आधी बंद करा, आपल्याला नेमके तेच तुकडे हवे आहेत.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे फायलींची नावं. रेकॉर्डिंग अमुक, रेकॉर्डिंग तमुक, नुसते आकडे, नाव बदलायला तीन ठिकाणी बोट लावायला लागतं आणि हात कणकेचे असताना कोण बदलतंय, त्यामुळे मी बोलायला सुरुवात करतानाच तारीख आणि विषय जर्मनमध्ये सांगून टाकते, त्यानिमित्ताने आकड्यांचा सराव होतो. तसे आकडे आपल्याला सोपे जायला हवेत, जर्मन माणूस पंचवीसला आधी पाच म्हणतो मग वीस, आपल्या पंचवीससारखंच, पण इंग्लिशची सवय मध्ये तडमडते. दुसरं म्हणजे बोललेलं लिहून देणारी सोय. माझ्या फोनमध्ये ती आहे पण जर्मन आणि मराठी एकाच वाक्यात आलं की तिचा पार चिवडा होतो, वरणाचं काय काय झालंय ते इथे लिहीत नाही. शुद्ध जर्मन बोललं तरी ती माझ्या चुका परस्पर सुधारून लिहून देते, जे आपल्याला अजिबात नकोय. तेव्हा त्यावर विसंबू नका, कान वापरा.

आणि अ‍ॅपचा दोष नाही पण या सगळ्या प्रकाराची मर्यादा म्हणून सांगते, एकट्याच्या बोलण्यात चूक सांगणारं कोणी नसतं. जी चूक आपल्याला चूक म्हणून ऐकूच येत नाही ती रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकलं तरी सापडणार नाही, उलट घट्ट होईल. माझं ते म्यूडंमधलं यू, ओठांचा चंबू करून आतून ई म्हणायचं असतं ते, मला माझ्या कानाने ठीकच वाटत होतं. मग मी आठवड्यातली एक, साधारण एका मिनिटाची क्लिप निवडून क्लासच्या सरांना पाठवायला लागले, त्यांनी ऐकून फक्त दोन गोष्टी सांगायच्या असं ठरलं, एक तरी उच्चाराची. त्सचं मात्र त्यांनी कौतुक केलं, त्यात माझं काय कर्तृत्व नाही, चमच्यातला च आपल्याला जन्मतःच येतो, त्साइट (वेळ), त्सेन (दहा) सगळं त्याच च ने म्हणा.

परीक्षेपुरतं बोलायचं तर गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची बी1 परीक्षा ज्यांना द्यायचीय त्यांना माहितीच असेल, चार मोड्यूल, प्रत्येकी 100 पैकी 60 लागतात, आणि बोलण्याचा भाग जोडीने असतो, साधारण पंधरा मिनिटं. त्यात पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी प्लॅन करायचं, दुसऱ्यात एका विषयावर एकट्याने छोटं प्रेझेंटेशन, स्वतःचा अनुभव, आपल्या देशात काय परिस्थिती, फायदे-तोटे, आपलं मत, शेवटी आभार, आणि तिसऱ्यात एकमेकांच्या प्रेझेंटेशनवर प्रश्न. यातल्या दुसऱ्या भागाला रेकॉर्डरसारखा दुसरा सोबती नाही, विषय घ्यायचा, न लिहिता बोलायचं, ऐकायचं, परत बोलायचं, तिसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप सरळ येतात. पण पहिल्या आणि तिसऱ्या भागाला तो फारसा कामाचा नाही. समोरचा काय बोलेल माहीत नसतं, मध्येच तोडून बोलायचं असतं, "म्हणजे तुला असं म्हणायचंय का" विचारायचं असतं, आणि भिंतीला टेकवलेला फोन कधी असहमत होत नाही. मी दोन्ही बाजू स्वतःच बोलून बघितल्या, एकदा ओट्यापाशी उभं राहून, एकदा फ्रीजपाशी जाऊन, पण आपलंच आपल्याला आधीच माहीत असतं, त्यात दम नाही. त्यासाठी माणूसच लागतो. मला बॅचमधली एक मैत्रीण मिळाली, ज्यांना मिळत नाही त्यांनी निदान परीक्षेआधी तरी कोणाला तरी पकडा.

तर कोणी वापरावं? ए1 च्या पहिल्या महिन्यात नको, तेव्हा तोंडात घालायलाच काही नसतं, आधी थोडी वाक्यं पोटात जाऊ देत. ए2 पासून पुढे जरूर. व्हिसासाठी ए1 देणाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यात स्वतःची ओळख सांगण्यापुरता वापरा. नर्सिंगची मुलं-मुली बी2 ची तयारी करतायत त्यांना तर फारच, पेशंटला काय झालं, रात्री काय दिलं, हे ड्यूटी संपल्यावर स्वतःला सांगायला याच्याइतकी सोयीची जागा नाही, फक्त पेशंटचं नाव घेऊ नका आणि क्लाउड बॅकअप बंद ठेवा. ज्यांना जर्मन नाही, कन्नड किंवा तमिळ शिकायचंय, बंगलोर-चेन्नईला बदली झालेले वगैरे, त्यांनाही हे जसंच्या तसं लागू आहे.

रेकॉर्डर उघडायचाही कंटाळा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, तिथे व्हॉइस नोट टाकत जा, तारखा आपोआप पडतात आणि फायलींच्या नावांची कटकट नाही. फक्त पाठवण्याआधी वर नाव कोणाचं आहे ते बघा. माझ्या त्या मैत्रिणीने भेंडी कशी चिरायची यावरची चार मिनिटांची जर्मन नोट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, सेक्रेटरींनी अंगठा दिला आणि खाली विचारलं, पाणी किती वाजता सोडणार ते मराठीत सांगा.